तिसऱ्या रांगेतली दाद

‘घे.’

बाबांचा आवाज माझ्याजवळ उरला आहे तो या एका शब्दात. मी तेव्हा लहान होते. सभागृहातले दिवे मंद झालेले, माझे पाय खुर्चीवरून लोंबकळत, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. समोर गायिका एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवत होती, अंधारात दाराची कडी चाचपावी तशी. आणि बाबा, ओंजळीतलं काही पुढे करावं अशा सुरात, हळूच म्हणाले, ‘घे.’ पुढच्याच क्षणी तिच्या गळ्यातून ती जागा निघाली. सगळं सभागृह ‘आहा’ म्हणून हललं.

जागा म्हणजे सरळ चाललेल्या ओळीला अवचित पडलेली मुरड. ती आली की ऐकणाऱ्याच्या काळजात काहीतरी हलतं, आणि मग दाद जाते. बाबांची दाद आधी जायची.

आम्ही मायलेकी लाजून अर्धमेल्या व्हायचो. पिक्चरमध्ये नटाने विनोद करायच्या आत बाबा हसून मोकळे, तेही नव्या पिक्चरच्या पहिल्या खेळाला. आई चिमटा काढायची. “काल येऊन बघून गेलात की काय?” आवडत्या लेखकाचं नवं पुस्तक हातात पडलं की पान उलटायच्या आधीच त्यांचे डोळे भरून यायचे. “अहो, पान तरी उलटा. मग रडा सावकाश.” बाबा चष्मा पुसत म्हणायचे, “अगं, चाहूल लागते.” याच्यापुढे त्यांनी कधी काही सांगितलं नाही. दिवसभर शाळेत भूगोल शिकवायचा आणि उरलेला वेळ पडदा, गाणं आणि पुस्तकं यांना वाहून टाकायचा, असा साधा हिशेब होता त्यांचा.

मला त्यांच्याकडून कान मिळाले. चाहूल नाही मिळाली. मी कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं साफ करते. भिंतींना करडा फोम लावलेली, बिनखिडकीची एक खोली, टेबलावर पडदा, कानांवर हेडफोन. पडद्यावर आवाजाची लाट पसरलेली असते आणि मी तिच्यातून एकेक गोष्ट वेचून काढते: खोकले, खुर्च्यांची करकर, पिशव्यांची सळसळ, मध्येच वाजलेला कुणाचा फोन. टाळ्या ठेवते. स्टुडिओच्या मालकांचं म्हणणं असं की, श्रोते हवेत, पण टाळीपुरते.

बाबा गेल्या वर्षी गेले. त्यानंतर काही महिन्यांनी मालकांनी बाईंचा शेवटचा कार्यक्रम माझ्या टेबलावर ठेवला.

बाई म्हणजे बाबांच्या सगळ्यांत लाडक्या गायिका. मी लहानपणी ऐकल्या त्या त्याच. त्या शेवटच्या कार्यक्रमानंतर त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाणं गेलं. आता जे होतं ते एवढंच, या मुद्रणातलं. आईबाबा त्या संध्याकाळीही होते, नेहमीच्या तिसऱ्या रांगेत. मी तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरीला होते.

“बाई म्हणतात, तिसऱ्या रांगेत कुणीतरी आगाऊ बसलाय,” मालक म्हणाले. “प्रत्येक चांगल्या जागेच्या आधी तोंड उघडतो. बाईंना चक्क अरेतुरे करतो. साफ कर त्याला.”

मी हेडफोन चढवले. पहिल्याच गाण्याच्या मध्यावर तो आला. ‘घे.’

हेडफोन काढून मी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. आमचं घर ऐकणाऱ्यांचं. बाबांचा आवाज कुठे साठवून ठेवावा हे कुणाला सुचलंच नव्हतं.

“माझे वडील आहेत ते,” मी म्हटलं.

मालकांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, “मग तर काढच. घरचं माणूस म्हणून ठेवलं, असं व्हायला नको. आणि बाईंचीही तीच अट आहे. त्याशिवाय त्या परवानगी देणार नाहीत.”

मी मोजून-मापून विश्वास ठेवणारी बाई आहे. कामाला लागले. सभागृहात श्रोत्यांच्या दिशेने वेगळे माइक लावलेले असतात. तिसऱ्या रांगेतला आवाज त्यांच्यात असायला हवा. त्यांत खोकले होते, खुर्च्या होत्या, कुणीतरी कुणाला ‘सरक’ म्हणालेलं होतं. ‘घे’ नव्हता. तो फक्त बाईंच्या माइकमध्ये होता. स्वच्छ, जवळचा, मागे एक छोटा श्वास असलेला. बाईंच्या ओठांपासून वीतभर अंतरावर उभं राहून कुणी बोलावं, इतका जवळचा.

समोरच्या भिंतीवर आपटून आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कारण शोधलं की सापडतं.

मी प्रत काढली आणि पहिल्या गाण्यातला तो शब्द कापला. ऐकून पाहिलं. ओळ आली आणि सरळ निघून गेली. जागा आलीच नाही.

जास्त कापलं गेलं म्हणावं, तर छेद नखाएवढा होता आणि जागेच्या कितीतरी अलीकडे होता. शब्द परत बसवला. जागा आली, तीच काळीज हलवणारी. पुन्हा काढला. ओळ सरळ.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मालकांना दुपारपर्यंत नमुना हवा होता, आणि मला वाटलं, माझे कान अजून बाबांच्या जाण्यातून सावरलेले नाहीत. पहिलं गाणं तो शब्द कापूनच पक्कं केलं आणि पाठवून दिलं.

जेवून आले आणि मूळ मुद्रण उघडलं, ज्याला मी हातही लावला नव्हता. त्यातही ओळ सरळ होती. शब्दाच्या ठिकाणी नुसती सभागृहाची शांतता होती, शेकडो माणसांनी एकदम श्वास रोखावा तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंकडे गेले.

वरच्या मजल्यावरची, पुस्तकांनी भरलेली खोली. कोपऱ्यात वाफेचं यंत्र फुसफुसत होतं. बाईंच्या गळ्याला मऊ कापड गुंडाळलेलं. त्या बोलायच्या ते कागद चुरगळल्यासारख्या कुजबुजीत. मी पहिलं गाणं ऐकवलं.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “इथे मी सरळच गाते.”

“कायम?”

“कायम.”

मी ती जागा गुणगुणून दाखवली. माझा गळा काही गाण्याचा नाही, पण त्या जागेसाठी लोक ताटकळत बसायचे. ती कुणीही ओळखली असती. बाईंनी मान कलती करून ऐकली.

“छान आहे,” त्या म्हणाल्या. “कुणाची?”

त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत निव्वळ कुतूहल होतं, परक्याचं बाळ बघून असावं तसं.

मी निघताना त्या म्हणाल्या, “बाकीच्या गाण्यांतूनही त्या माणसाला काढ. आयुष्यभर माझ्या आधी बोलत आला. शेवटी तरी मला एकटीला गाऊ दे.”

“ते माझे वडील होते.”

“होते?”

“गेल्या वर्षी गेले.”

बाईंनी वाफेचं यंत्र बंद केलं. मग त्या म्हणाल्या, “शेजारी तुझी आई बसायची ना? तिला घेऊन ये. तिच्यादेखत ऐकते आणि मग काय ते ठरवते.”

जिन्यातूनच मी आईला फोन लावला. म्हटलं, “आई, त्या गाण्यातली ती जागा आठवते?” आईने काही न विचारता ती अख्खी गुणगुणली. म्हणजे मी वेडी झाले नव्हते. पण ज्या गळ्याने ती घडवली, त्या गळ्याच्या मालकिणीकडून ती गेली होती. मीच ती घालवली होती. उरलेल्या गाण्यांत अशा आणखी जागा होत्या, प्रत्येकीच्या आधी एक ‘घे’. तो काढला तर त्याही जाणार, मुद्रणातून आणि बाईंच्या आठवणीतून. नाही काढला तर बाई परवानगी देणार नाहीत आणि हे गाणं कपाटात पडून राहणार.

आई ठेवणीतले कपडे घालून स्टुडिओत आली. बाई खोलीतल्या एकमेव धड खुर्चीत बसल्या. आई स्टुलावर टेकली, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

“तुमचं गाणं फार ऐकलं,” आई म्हणाली.

“तुम्ही ऐकलंत,” बाई कुजबुजल्या. “तुमचे यजमान घरूनच ऐकून यायचे.”

आईने यावर एरवी हजार उत्तरं दिली असती. ती नुसती पिशवीचे बंद चाळवत राहिली.

मी दुसरं गाणं लावलं. ओळ फिरत फिरत आली. ‘घे.’ आईचा हात तोंडावर गेला. जागा आली, आणि बाईंच्या गळ्यावरचं कापड किंचित हललं.

मग तेच गाणं मी प्रतीवर लावलं, शब्द मुका करून. ओळ सरळ गेली.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

पुन्हा लावलं. शब्दासह, शब्दाशिवाय. शब्दासह, शब्दाशिवाय. बाईंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. खोलीत फोममुळे कसलाच आवाज टिकत नाही, बोललेलं लगेच मरतं. तरी त्यांचा प्रश्न मला बराच वेळ ऐकू येत राहिला.

“मग मी गायले ते काय?”

मी गाणं थांबवलं.

“काढ,” त्या म्हणाल्या. “सगळीकडून काढ. सरळ तर सरळ. पण माझं असेल.”

“बाई, गेलं की परत येत नाही. पहिल्या गाण्यातलं गेलंय. तुम्हाला आठवतसुद्धा नाही.”

“आठवणारच नसेल, तर दुखणार कुठून? काढ म्हणते ना.”

गाणं त्यांचं होतं. मी उरलेले सगळे शब्द निवडले. पडद्यावर ते ओळीने उजळले. बोट बटणावर ठेवलं.

“थांब,” आई म्हणाली.

बाई तिच्याकडे वळल्या. “का थांबायचं? दादेची एक रीत असते की नाही? माणूस आधी ऐकतो, मग दाद देतो. न ऐकता कोण देतं?”

“ते ऐकत नव्हते,” आई म्हणाली.

मला वाटलं, ती बाबांच्या वतीने माफी मागते आहे.

“त्यांना ऐकू येत नव्हतं.”

माझं बोट बटणावरच होतं.

“एक कान आधी गेला, मग दुसरा. शेवटची कितीतरी वर्षं काहीच नाही. या कार्यक्रमाच्या खूप आधीपासून.” आई माझ्याकडे बघत नव्हती. “तुला सांगू नको म्हणाले. पोरीचं काम कानाचं, उगाच जिवाला घोर लावून घेईल. घरात माझ्या ओठांवरून कळायचं त्यांना. तू यायचीस तेव्हा मी मुद्दाम तुमच्या दोघांच्या मध्ये बसायचे.”

“मग कार्यक्रमाला कशाला यायचे?” बाईंची कुजबुज जेमतेम उमटली.

“मीही विचारलं होतं. म्हटलं, कशाला तो त्रास? घरी पडा, पुस्तक वाचा.” आईने पिशवी खाली ठेवली. “तर म्हणाले, मी नाही गेलो तर बाईंचं कसं होईल?”

बाईंचा हात पुढे आला. गार, कोरडा हात. त्यांनी माझं बोट बटणावरून उचललं आणि बाजूला ठेवलं, टेबलावरची एखादी वस्तू उचलून ठेवावी तसं. हात मात्र काढून घेतला नाही.

“ओठ बघत असतील,” त्या आईला म्हणाल्या. विनवल्यासारख्या. “तुमचे बघायचे ना, तसे माझे. तिसऱ्या रांगेतून दिसतात.”

आईने नाही म्हणून मान हलवली.

“तुम्ही गायला लागलात की ते डोळे मिटून घ्यायचे, बाई. संपल्यावर मी हात दाबला की उघडायचे. आणि घरी येताना, रस्त्यात, दर वेळी मला विचारायचे, आज काय काय गायल्या गं?”