बारवेतली हाक

सायंकाळचे साडेसहा. नाशिक, गंगापूर रस्त्यापासून आत असलेली पेशवेकालीन बारव. थंडीचे दिवस. बारवेचं नाव लिहीत नाही. आमच्या पेपरच्या वकिलाने बजावलंय, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना ते ठाऊक आहे.

शहरात पेशव्यांच्या खुणा दाखवणारी एक सहल निघते. सरकारवाड्याच्या पायऱ्यांवरून सुरू होते, बसने आनंदवल्लीला जाते आणि या बारवेपाशी संपते. पूर्वी दोन गाईड असायचे. पुढचा माहिती सांगायचा, मागचा सगळ्यांच्या शेवटी चालायचा. निघताना पुढचा ओरडायचा, "मागे कोण?" मागच्याने "सगळे आले" म्हटल्याशिवाय बस हलायची नाही.

स्नेहा मागची गाईड होती. गेल्या पावसाळ्यात बारवेची कमान कोसळली आणि स्नेहा तिच्याखाली गाडली गेली. चौकशी अहवालाने तिच्यासाठी एकच वाक्य खर्च केलं: 'सगळे आले' अशी हाक दिल्यानंतर ती बेजबाबदारपणे, स्वतःहून पुन्हा आत गेली. कमानीला तडे गेल्याची बातमी मी आधी दोनदा छापली होती. त्यावर अहवालात अवाक्षर नाही. तडे कोणाचेच नव्हते, चूक तेवढी पोरीची.

तिचे वडील नवनाथ, एसटीतले निवृत्त मेकॅनिक, ते वाक्य खोडून घेण्यासाठी कचेऱ्या झिजवत होते. आणि दर रविवारी या सहलीत सगळ्यांच्या मागे चालत होते. त्या रविवारी मीही सोबत गेलो.

"काका, पुन्हा आलात?" पुढचा गाईड कुंदन म्हणाला. "आता तुम्हीच सांगा की पेशवाई."

"तू सनावळ्या चुकतोस म्हणून येतो," नवनाथ म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "स्नेहा घरी आरशासमोर पाठ करायची. सरकारवाड्याच्या पायरीवर लोकांना हसवायची. म्हणायची, माझ्या पणज्याला इथं उभं राहू दिलं नसतं, आता मी म्हणेन तेव्हा तुम्ही आत यायचं!"

आम्ही बारवेत उतरलो. शेवाळाचा ओला वास, पारव्यांची फडफड, कुठेतरी संथ ठिबकणारं पाणी. पडलेल्या कमानीपुढे पत्रे ठोकले होते. कुंदनने घाईने माहिती उरकली. लोक फोटो काढून वर गेले, बसमध्ये बसले. खाली अंधार साचू लागला.

स्नेहानंतर मागचा गाईड नेमलेलाच नाही. पण सवय सुटत नाही. वरच्या पायरीवरून कुंदन ओरडला, "मागे कोण?"

उत्तर द्यायला नवनाथांनी तोंड उघडलं. दर रविवारी तेच द्यायचे.

त्यांच्या आधी खालून, पत्र्यांच्या पलीकडून आवाज आला. धाप लागलेला, तरुण.

"थांब रे कुंदन... एक लेकरू राहिलंय..."

पारवे गप्प झाले. पाण्याचं ठिबकणंही ऐकू येईना. नवनाथ माझा हात घट्ट धरून उभे होते. कुंदन दोन पायऱ्या खाली आला.

"त्या दिवशीपण... हेच म्हणाली होती, सर. हेच शब्द. बसवाला कटकट करत होता. मी म्हटलं, येईल मागून. मग चौकशीच्या साहेबांनी सांगितलं, सगळे आले म्हणाली असं लिहून दे..."

मला वाटलं, नवनाथ त्याची गचांडी धरतील. ते फक्त म्हणाले, "म्हणजे माझ्या पोरीने 'सगळे आले' म्हटलंच नव्हतं." आणि खाली उतरू लागले. "आलो गं... आलो, बाळा..." मी त्यांना कंबरेला धरून वर ओढलं. साठीतला माणूस लहान मुलासारखा रडत होता.

कुंदनने नवा जबाब दिला. मी तो पहिल्या पानावर छापला. अहवाल बदलला नाही. साहेबांनी एकच प्रश्न विचारला: कुठलं लेकरू? त्या दिवशीच्या सहलीत एकही मूल नव्हतं. आसपासच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात मूल हरवल्याची नोंद नाही.

त्यांना तेवढं पुरलं. मला पुरलं नाही, म्हणून तिला ढिगाऱ्यातून काढणाऱ्या अग्निशमन जवानाला गाठलं. तो म्हणाला, ती कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हातांनी काहीतरी कवटाळल्यासारखी पडली होती. नाकातोंडात, केसांत, सगळीकडे चिखल गच्च भरलेला. हातांच्या आत मात्र लेकराएवढी जागा मोकळी होती. कोरडी. आणि हात लावला तेव्हा ती जागा उबदार होती.