कोल्हापूर म्हणजे काय शहर?

फोंडाघाटच्या बाजारात एसटी थांबली ती थांबलीच. वर घाटात दरड कोसळली होती. कंडक्टर तंबाखू मळत खाली उतरला आणि म्हणाला, "तीन तास तरी हलत नाही. चहा घ्या, वडे खा."

वर्षाली वैतागली. दुसऱ्या दिवशी अकराला कोल्हापुरातल्या रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये तिची मुलाखत होती आणि खरं सांगायचं तर तिला ती नोकरी फारशी नकोच होती. तिला हवी होती मुंबई. पण सन २००५चा आषाढ उजाडला तरी मुंबईचं पत्र काही येईना, म्हणून मग कोल्हापूर.

हॉटेलच्या पत्र्याखाली एकच बाक कोरडं होतं. त्यावर एक तरुण याच गाडीची वाट बघत बसला होता. उंच, सावळा, पायाशी हत्यारांची जड पिशवी. तो सरकला. तीही बसली... मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

"कोल्हापूरला?" त्याने विचारलं.

"हो. नाइलाजाने."

"नाइलाजाने कशाला? चांगलं शहर आहे की!"

"शहर?" वर्षालीला हसू आलं. "भर रस्त्यातून म्हशी जातात तिथे. सिग्नलला उसाचे ट्रॅक्टर उभे असतात म्हणे."

"पण सिग्नलला उभे असतात ना? मग झालं की शहर!"

तिने ओठ दाबून धरले. हसायचं नव्हतं तिला.

"मी कोल्हापुरात लिफ्ट बसवतो," तो सांगू लागला. "सात मजल्यांच्या इमारतीत माणसं रोज एका डब्यात उभी राहतात आणि सगळी छताकडे बघतात. शेजारच्या दाराआड कोण राहतं, पत्ता नसतो."

"खरंच... पत्ता नसतो?"

तिने हे इतक्या आशेने विचारलं, की तो तिच्याकडे बघतच राहिला. वर्षाली गडबडीने उठली आणि कोपऱ्यातल्या कॉइनबॉक्सवरून मालवणला घरी फोन लावला.

"आये, फोंड्याक अडाकलंय गो... नाय नाय, एकटी नाय. एक शिष्ट कोल्हापूरकर बाजूक बसलो हा. नाकाबिकान बरो आसा, पण त्याचा तोंड काय मिटना नाय!"

ती परत येऊन बसली. तो पावसाकडे बघत होता. कान मात्र लालबुंद झालेले. तेवढ्यात हॉटेलवाल्याने गल्ल्यावरून हाक मारली, "गुरुदास, बापूस बरो मां रे?"

"बरो आसा. भाताची लावणी चल्ली हा."

वर्षालीचा चहाचा कप अर्ध्यावरच थांबला. "तुम्ही... मालवणी?"

"हंयचोच. ह्या बाजाराच्या पलीकडची वाडी." मग अगदी गंभीर चेहरा करून तो म्हणाला, "नाकाबिकान बरो आसंय, इतक्याच ऐकलंय मी. बाकीचा पावसात ऐकाक येवक नाय."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं! आणि मग ती इतकी हसली, की पत्र्यावर वाजणारा पाऊससुद्धा तिला ऐकू येईना.

नोकरी लागली. वर्षाली कोल्हापुरात राहू लागली. दर दुसऱ्या शनिवारी दुपारच्या गाडीने ती घरी निघायची आणि खिडकीची जागा धरून गुरुदास आधीच बसलेला असायचा. ती आली की तो खिडकी सोडायचा. राधानगरी मागे पडायची, घाटाची वळणं सुरू व्हायची, आणि वाद रंगायचा तो एकाच गोष्टीवर — कोल्हापूर म्हणजे शहर आहे का?

"पहिल्याच दिवशी घरमालकिणीने माझं गोत्र विचारलं," ती सांगायची. "दूधवाल्याला माझ्या सुट्टीचे वार पाठ आहेत. परवा शिंकले, तर समोरच्या गॅलरीतून आल्याचा काढा आला!"

"मुंबईत काढा आला असता?"

"नसता आला. तेच तर हवंय मला."

का हवंय, हे मात्र ती सांगत नसे. त्यानेही कधी विचारलं नाही. फोंड्याला उतरल्यावर गाडी सुटेपर्यंत तो खाली उभा राहायचा, आणि ती निघाली की नुसती मान हलवायचा. त्या एका मान हलवण्यावर तिचे पुढचे पंधरा दिवस कसे सरायचे, तिचं तिलाच कळत नसे.

डिसेंबरात एक दिवस लॅबमध्ये कुडाळची एक बाई रक्त द्यायला आली. सुई टोचून घेताना तिने वर्षालीकडे निरखून पाहिलं. "मालवणचं ना गो तू? लग्नाच्या आठ दिवस आधी देवगडवाल्यांनी नाय म्हटल्यानी, तां तूच मां?"

वर्षालीने नळीवर नाव लिहिलं, हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मुलाने एका फोनवर सगळं मोडलं होतं. तेव्हापासून गेली दोन वर्षं मालवणच्या बाजारात जो तो तिच्याकडे कणवेने बघत होता. ते डोळे चुकवायलाच तर ती इथवर आली होती!

त्या शनिवारी गाडीत तिने सगळं सांगून टाकलं. गुरुदासने शांतपणे ऐकून घेतलं.

"माका ठावक होता," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. गावात कोणीतरी बोल्ला."

"आणि... विचारलं नाही तुम्ही?"

"विचारूसारख्या काय होता? तुमचो त्येत काय दोष?"

वर्षालीने तोंड खिडकीकडे वळवलं. दिवाळीपासून! म्हणजे एवढ्या फेऱ्या तो सगळं जाणून शेजारी बसत होता, भांडत होता, चिडवत होता... आणि त्याच्या नजरेत ती कणव एकदाही आली नव्हती.

फेब्रुवारीत मुंबईचं पत्र आलं. मोठी लॅब, ठाण्याला राहायची सोय. तिने ते गाडीत त्याच्या हातात दिलं. त्याने दोनदा वाचलं, नीट घडी करून परत दिलं.

"जावा," तो म्हणाला. "तुमका व्हया तसा शहर आसा तां."

"एवढंच?"

"आणि... काय सांगू?"

फोंड्याला तो उतरला आणि मागे वळून न बघता चालू लागला. गाडी सुटली तेव्हा खाली कोणी नव्हतं. वर्षालीला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ती आईसोबत मासळीबाजारात बसली होती. आईने, म्हणजे आनंदीबाईंनी, सुंगटांचे, कोळंबीचे वाटे मांडले होते, तर शेजारी गोदूबाई बांगडे विकत होत्या. गर्दी बाजूला सारत कोणीतरी येत होतं. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट आणि बुटांत माशांचं पाणी. गुरुदास!

"कोणाचो रे तू? खंयसून इलंस?" गोदूबाईंनी त्याला अडवलंच.

"फोंड्यासून. परशुरामाचो झिल, गुरुदास. वर्षालीक भेटाक इलंय."

आसपासच्या चार-सहा जणींच्या सुऱ्या जागच्या जागी थांबल्या. ज्या नजरांना वर्षाली दोन वर्षं भीत होती, त्या सगळ्या एकदम तिच्याकडे वळल्या. गुरुदासच्या कपाळावर घाम फुटला, पण तो मागे हटला नाही.

"काल गाडीत 'जावा' म्हटलंय मी... तां खोटां. तुमी गेल्यात तर माका... माका नाय चलाचा. इतक्याच सांगूचा होता. ह्या ऐकानसुद्धा जावचा वाटला, तर जावा."

"गो वर्षाली," गोदूबाईंचा आवाज कुजबुजीचा, पण बाजारभर ऐकू जाणारा. "हो कोण गो तुझो?"

वर्षाली उभी राहिली. हातांना खवलं चिकटलेली, केस विस्कटलेले. पळून जावंसं मात्र वाटत नव्हतं. हसू फुटत होतं, अगदी आतून.

"काकी," ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "ह्येच्यावांगडा मी लगीन करतलंय. ह्येका अजून ठावक नाय, आताच कळता हा."

बाजारात असा काही गलका उठला, की बंदरावरची माणसं वळून बघू लागली. आनंदीबाईंनी गुरुदासला नखशिखान्त न्याहाळलं.

"सुंगटां खातंस?"

"खा... खातंय."

"मगे उभो कित्याक? घराक चल."

टोपली मध्ये धरून ती दोघं वाट चालू लागली. आनंदीबाई मुद्दाम चार पावलं मागे राहिल्या. गुरुदासने टोपली सावरत विचारलं.

"म्हणजे... कोल्हापूर शहर आहे, हे मान्य?"

"मुळीच नाही! आणि महानगर तर सात जन्मात व्हायचं नाही." वर्षालीने टोपलीच्या कडीवर त्याच्या हाताशेजारी आपला हात सरकवला, भर रस्त्यात, सगळ्यांदेखत. "पण राहायला चांगलं आहे... तू असशील तर."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं त्याच्या उशिरा लक्षात आलं. तोवर त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.