बारा विती

मोबाइल ठेवा रे बाजूला. आणि मधेच फिदीफिदी हसायचं नाही. ही ऐकीव गोष्ट नाही, आमच्या सुतारमित्राची आहे.

गेल्या हिवाळ्यात, सतरा तारखेच्या मंगळवारी, तो गावाबाहेरच्या आपल्या छोट्या घराचं माप घ्यायला गेला. घर विकायचं होतं. गिऱ्हाईक म्हणालं होतं, लांबी-रुंदी नीट लिहून आणा.

ते घर त्याने आणि वहिनीने मिळून उभं केलेलं. पैसा बेताचाच. दारं जुन्या बाजारातली, तुळया पाडलेल्या शाळेच्या. नकाशा वहिनीने काढला, कॅलेंडरच्या मागे. एकच खोली, समोरासमोरच्या भिंतींना दोन पलंग. रुंदी लिहिली, बारा विती.

हा हसला. "अगं, सुताराची बायको तू. टेप घे की!"

"टेपला काय कळतंय, अहो? रात्री हात लांबवला की तुम्ही लागायला हवेत. मी मोजलंय."

तिला दुखणं लागलं होतं. आवाज पार बसला होता, रात्री हाक मारणं जमायचं नाही.

सुताराची वीत नऊ इंचांची. बारा विती म्हणजे नऊ फूट, त्याने डोळे झाकून धरलं. वहिनीचा हात लहान, वीत जेमतेम सात इंच. जन्मभर लोकांची मापं घेतली गड्याने, बायकोचा हात मोजायचा राहिला! खोली दोन फूट जास्त झाली. ती काहीच बोलली नाही. केवढ्या हौसेनं बांधली होती त्याने.

राहायला गेल्यावर अकराव्या रात्री ती गेली. हा सकाळी उठला, तर तिचा हात पलंगाबाहेर. याच्या दिशेने. बोटं ताणलेली...

ते आठवलं की मला आजही रडू येतं.

तेव्हापासून तो तिथे झोपला नव्हता. त्या मंगळवारी त्याने माप घेतलं, नऊ फूट लिहिलं, आणि शेवटची बस चुकली. मग पडला आपल्या पलंगावर.

दोन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. मिट्ट काळोख. फरशीवर आवाज.

टक... टक.

आधी अंगठा. मग करंगळी. कुणीतरी विती मोजत होतं. पलीकडच्या भिंतीपासून.

आठ... नऊ...

हा घामाने चिंब.

अकरा...

बारा. याच्या पलंगाखाली.

थांबलं.

मला सांगताना तो म्हणाला, "घाबरलो होतो रे. पण हात खाली सोडला. म्हटलं, चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

"मग?" मी विचारलं.

"हाताला हात लागला. पहाटेपर्यंत सोडला नाही."

सकाळी त्याने मला बोलावून घेतलं. टेप माझ्या हातात ठेवली. मी तीनदा मोजलं. सात फूट. भिंतीला तडा नाही, फरशीवर ओरखडा नाही.

बाहेर येऊन वर पाहिलं... पोरांनो, त्या घराचे पत्रे मी बसवलेत, या हातांनी. भिंतीबाहेर बरोबर अर्धा फूट ठेवले होते. आता एका बाजूला अडीच फूट बाहेर आहेत.

त्याने घर विकलं नाही. पत्रे तसेच आहेत. दिवसा जाऊन बघा.