जाण्याची तारीख

वाऱ्याचे दिवस आले की मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटीत कागदाच्या घड्या बसवतो. त्रिएस्तेत बोरा, इथला थंड सोसाट्याचा वारा, सुटला की सगळेच हे करतात. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या होस्टेलला तो आधी गाठतो. खाली बंदरातल्या साखळ्या वाजतात आणि इथे कपाटातल्या बशा किणकिणतात. अकरा वर्षं मी या घराची व्यवस्था पाहतो. त्याआधी औषधांच्या प्रयोगशाळेत होतो. तिथून एकच सवय बरोबर आली: वस्तूवर चिठ्ठी हवी.

पाठीवर संसार बांधून युरोपभर हिंडणारी माणसं उन्हाळ्यात गात येतात. ऑक्टोबरात उरतात ती वेगळी. त्यांच्या बुटांचे तळ सुटलेले असतात, खाटेचं भाडं वाचवायला ती बसमध्ये झोपतात, आणि तिसऱ्या दिवशीही पास्ता नुसत्या मिठाबरोबर खातात. त्यांच्यासाठी आमच्याकडे एक रीत आहे. फ्रीजमधल्या पिशवीवर चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर नाव, खाटेचा क्रमांक आणि जाण्याची तारीख लिहायची. तारीख उलटलेली पिशवी मी गुरुवारी खिडकीजवळच्या फळीवर ठेवतो. फळी सर्वांची. अशा फळ्यांवर जगत लिस्बनपासून इथवर आलेली माणसं मी पाहिली आहेत.

तेवीस ऑक्टोबरच्या गुरुवारी फ्रीजमध्ये एक पिशवी सापडली. ‘तावी, खाट ६, ९ ऑक्टोबर.’

मधल्या गुरुवारी मी तो फ्रीज रिकामा करून सोड्याने पुसला होता. पिशवीत काळा पाव होता आणि अर्धा टोमॅटो. टोमॅटोची कापलेली बाजू ओली होती.

तावी मला आठवत होता. एस्टोनियाचा, उंच, अबोल. जाताना त्याने चादरीची घडी केली होती, उशीचा अभ्रा उलटा करून दिला होता आणि लुब्लियानाची बस गाठायला गेला होता. कुणीतरी चेष्टा केली असावी, असं म्हणून मी पिशवी कचऱ्यात टाकली.

शुक्रवारी ती जागेवर होती. पाव एका कापाने कमी झाला होता.

शनिवारी मारित आली. वाऱ्याने लाल झालेला चेहरा, पाठीवर भावाच्या मापाची सॅक.

“तुम्हीच लिव्हिओ ना? माझा भाऊ इथून निघाला. पुढे कुठेच पोचला नाही.”

आदल्या संध्याकाळी चौकशीला आलेल्या पोलिसांना दाखवलं होतं तेच नोंदवहीतलं पान मी तिला दाखवलं. तिने सहा नंबरची खाट मागितली. मग दूध ठेवायला फ्रीज उघडला आणि दार तसंच धरून उभी राहिली.

“ही पिशवी कधीची?”

“कुणाची तरी थट्टा आहे. परवा मी टाकून दिली होती.”

तिने पाव बाहेर काढला. दोन्ही टोकं कापलेली होती.

“असाच खातो तो. आधी दोन्ही टोकं. आई ओरडायची, ‘मेल्या, पावाला कशाला नागडं करतोस!’” ती हसली, आणि ते हसू तिच्या तोंडावर बराच वेळ तसंच राहिलं.

तिने नऊ तारीख खोडून पुढच्या दिवसाची तारीख लिहिली. मग रोज सकाळी लिहू लागली. पिशवीत खारवलेले मासे ठेवी, उकडलेली अंडी ठेवी, आणि फ्रीजसमोर खुर्ची टाकून दहापासून चारपर्यंत बसे. एके दिवशी घड्याळ घेऊन मीही शेजारी बसलो. कुणी आलं नाही. दार उघडलं नाही. दोनच्या सुमारास फ्रीजची घरघर थांबली, आणि त्या शांततेत मारितने उठून पिशवी तळहातावर तोलली. दोन अंडी ठेवली होती. आत टरफलं होती.

“हळू खा रे,” ती म्हणाली. माझ्याशी नाही.

होस्टेल थंडीत बंद ठेवायचं असतं. मालकीण नेरिना दर दोन दिवसांनी जिना चढून येई आणि धापा टाकत बोले, “लिव्हिओ, ही धर्मशाळा नाही. त्या पोरीला घरी पाठव. फ्रीजची राखण करत बसलीय. अशाने तिला भाऊ मिळणारे का?”

तिचं खरं होतं. मारितने पोलिसांकडे जाणं सोडलं होतं. वकिलातीतून येणारे फोन ती घेत नव्हती. तिची मनगटं बारीक झाली होती. तिचं सगळं अन्न त्या पिशवीत जात होतं. पिशवी गेली तर ही उठेल, बाहेर पडेल, खरा शोध घेईल, असा हिशेब मी केला.

सहा नोव्हेंबरला, गुरुवारी, ती आंघोळीला गेली होती. आदल्या दिवशी लिहायचं तिच्याकडून राहिलं होतं. चिठ्ठीवर पाच तारीख होती. ती उलटली होती. नियम माझा होता. मी पिशवी उचलून फळीवर ठेवली.

गॅलिसियाचा शोआन वासावरच आल्यासारखा आला. महिनाभर तो त्या फळीवर जगत होता. त्याने पावाला हात लावला आणि मागे घेतला.

“हे नको बाबा.”

“का? तू तर बुरशी खरवडून खातोस.”

“फ्रीजमधून काढलंस ना हे? मग हात लावून बघ.”

मी लावला. पाव कोमट होता. कुणीतरी एवढ्यातच हातातून खाली ठेवावा, तसा.

मारित ओल्या केसांनी दारात आली. पाहिलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं.

“तारीख उलटली?”

“हो.”

“मग आता सगळ्यांचं.”

ती खिडकीशी बसली आणि पाव खाऊ लागली. सावकाश, सगळा. बोट ओलं करून कणही टिपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. चादरीची घडी केली होती. उशीचा अभ्रा उलटा करून दिला होता. मी खिडकीतून पाहत होतो: वाऱ्यात तोल जाऊ नये म्हणून रस्त्याकडेला बांधलेला दोर धरून ती कोपऱ्यापर्यंत गेली. चेहरा शांत होता. मग कोपरा रिकामा झाला.

पंधराला आम्ही होस्टेल बंद केलं. मी फ्रीजचं बटण बंद करून दार लाकडी चमच्याने किलकिलं ठेवलं.

सतराला फोन वाजला. एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

“मी मारितची आई. आहे का हो ती तिथे?”

“ती सात तारखेला गेली.”

“मी येते.”

“येऊ नका.”

“का?”

“होस्टेल बंद आहे,” मी म्हणालो.

“माझी मुलं ज्या खाटेवर झोपली, ती तर आहे ना?”

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. वीज नसलेला फ्रीज आतून गार होता. आत तीन पिशव्या.

तावी, खाट ६.

मारित, खाट ६.

तिसरी रिकामी होती, नीट घडी घातलेली. हेल्वे, खाट ६, २२ नोव्हेंबर.

हेल्वे नावाचं कुणी माझ्या माहितीत नव्हतं. नोंदवहीची मागची तीन वर्षं चाळली, तिथेही नव्हतं. मी ती पिशवी चुलीत जाळली. सकाळी ती पुन्हा तिथे होती. घडी तशीच.

वीसला, अकरा वाजता, घंटा वाजली. दारातूनच परत पाठवायचं, असं मी ठरवलं होतं. पण बाई चार मजले चढून, डोक्याचा रुमाल वाऱ्याने सुटलेला, कठड्याला धरून उभी होती. मी तिला खुर्ची दिली. म्हणालो, “पासपोर्ट दाखवा.” नाव दुसरंच निघालं तर राहू द्यायचं, एवढंच मनात होतं.

तिने तो उघडून पुढे केला.

हेल्वे.

“आई, तुम्ही इथे राहू नका. चला, मी तुम्हाला दुसरीकडे खोली बघून देतो.”

“दोन रात्रींसाठी कशाला? बावीसला परतीचं तिकीट आहे माझं.” ती पायाशी ठेवलेल्या बोचक्याची गाठ सोडत होती. “फ्रीज कुठाय हो? घरून पाव आणलाय. टोकं तशीच ठेवलीत.”

तिने तो माझ्या हातात दिला. दोन दिवस ती प्रवासात होती. पाव कोमट होता.