दहा पावलं मांगं

उद्या दिल्लीले चालले ना तुमी? आगगाडीनं? जा. सारं पाहा. पन म्हातारीले सोबत नेता म्हनून सांगतो, आयका. हसू नोका. आमच्या खेमाच्या मायसंगं झालेली गोष्ट हाय, आन मी तिथंच होतो.

सत्तावन साल. सव्वीस जानेवारीची परेड पाहाले कारंज्याच्या फुलचंद शेठनं चाळीस मानसं नेली. आमच्या तांड्यातून तिघं. मी, खेमा, आन त्याची माय सोजरबाई. आमच्यात मायले याडी म्हनतात. साठीची बाई, कामरगावच्या बाजारापलीकडं काही पाह्यलं नव्हतं. कारंज्याहून लहान लाईनची गाडी, मुर्तिजापूरहून मोठी. टेसन आलं का ती खिडकीतून हात जोडे. कोनाले जोडते म्हनलं, तर म्हने, "इतक्या मानसाईत एखादा तरी आपला असन ना रे!"

दिल्लीत मानसं परेड सोडून तिलेच पाहत. आरशाचा घागरा, दंडभर पांढऱ्या बांगड्या, पायात जाड तोडे. चालली का खण... खण... कालेजातले पोट्टे मांगं लागून हसत. खेमानं नवा पायजमा शिवला होता. त्याले लाज वाटाले लागली. मंग मीच म्हनलं, "याडीले दहा पावलं मांगं चालाले सांग ना. कोनाले समजते आपली हाय म्हनून?"

त्यानं सांगतलं. तवापासून बरोबर दहा पावलं. आमी थांबलो का तीबी थांबे.

दोन दिवसानं राजघाट. बाकीचे बाजारात गेले, आमी तिघंच. भाईरच चपला जमा केल्या, तळव्यावर खडूनं नंबर टाकून. तिच्या चपलाईचा पितळी बिल्ला, नंबर एकेचाळीस, खेमानं खिशात टाकला. तिनं दुरूनच इचारलं, "इथं कोन हाय?" खेमा म्हनला, "गांधीबाबाले इथं जाळलं."

आता आमच्यात मयताच्या जागी गेलं का बाई उगी राहत नाही. गळा काढून रडा लागते, नाही तर मेलेल्याचा अपमान. ती खाली बसली, तोंडावर पदर घेतला आन रडली. मोठ्यानं. जसा तिचाच बाप गेला. सारे थांबून पाहाले लागले. कोनीतरी हसलं. एक पोलीस आला.

"किसके साथ है ये औरत?"

खेमानं माह्याकडं पाह्यलं. याडीनं आमच्याकडं पाह्यलं. पन बोट नाही दाखवलं तिनं.

"पता नहीं, साब," असं म्हनलं एकानं.

कोनं म्हनलं? मी म्हनलं. खेमा नुसता खाली पाहून राह्यला.

पोलिसानं तिले हाताले धरून उठवलं आन नेलं. उघड्या पायानं. अर्ध्या घंट्यानं आमी शोधाले निंगालो तर ती कुठंच नाही. चौकीत इचारलं. अशी बाई आलीच नाही म्हने. संध्याकाळच्या गाडीत खेमा चढे ना. मीच त्याले ओढलं. "पोलीस देतीन पाठवून," म्हनलं. शिटी झाली.

तीस तारीख. पौष अमावस, बुधवार. रात्री आठले कामरगावात मोटारीतून उतरलो. तांडा दीड कोस. दोन्ही बाजूनं कपाशीची वाळलेली पऱ्हाटी. वारा नाही. नाला ओलांडला आन...

खण.

खेमा थांबला. तेबी थांबलं.

"आयकलं?"

"नाही," मी म्हनलं. तिथंबी खोटंच बोललो.

चाललो. खण... खण... जवळ येत नव्हतं. दूर जात नव्हतं. पळावं वाटलं. पन पळालो असतो तर तेबी पळालं असतं. उघड्या पायानं.

खेमा मांगं न पाहता बोलला, "याडी... सोबत चाल ना वं."

काही नाही.

मंग आमी पाऊल टाकलं. खण.

खेमाची बायको मोतीबाई पाय धुवाले पानी घेऊन दारात उभी होती. हातात कंदील.

"आले का? बसा." मंग आमच्या मांगं पाह्यलं तिनं. "याडी, तुमी तिकडं अंधारात काहून उभ्या? या ना घरात. ह्याईच्यासंगं भांडल्या का?"

आमी वळून पाह्यलं नाही. दोघंबी.

मोतीबाईनं कंदील वर केला. "अवं... आत्ता तर..."

तिच्या हातचा तांब्या खाली पडला.

खेमा पुढं दोनदा दिल्लीले जाऊन आला. पत्ता लागला नाही. मेला तोबी. मेल्यावर त्याच्या पेटीत तो बिल्ला निंगाला, एकेचाळीस नंबरचा. त्यानं परत दिलाच नव्हता कधी.

पन त्या रातीनंतर सकाळी मी खेमाकडं गेलो. आंगनात चपला होत्या. याडीच्या. तळव्यावर खडूनं लिहिलेला एकेचाळीस. धूळ नाही, काही नाही. बोटं घराकडं.

दाराशी नव्हत्या रे पोट्टेहो. मी मोजलं.

दहा पावलं.