न विकायचं वांगं

एकोणीसशे अडतीस साल. जऊळक्याच्या स्टेशनाबाहेर बाजार भरला होता. नवरा न पाहता करायचे ते दिवस, पण हौसा वांगं मात्र दाबल्याशिवाय घेत नसे. चंपत माळ्याच्या टोपलीवर ओलं पोतं होतं. तिनं खाली हात घातला, दाबलं...

"हे निबर हाय. नोको."

"ते विकाले नाही," चंपत शांतपणे म्हणाला. "ते माहं हाय."

गारव्यासाठी त्यानं डावा हात पोत्याखाली ठेवला होता, आणि त्या हातावर टेंगूळ होतं. हौसाचे कान लाल झाले — पण हात काढून घ्यायला तिला जरा उशीरच झाला.

पुढच्या बाजारी ती पुन्हा आली. घरी वांगी पडून होती, तरी.

"दुखते?"

"नाई. काहून?"

"वाढलं हाय."

"तू दाबतं म्हनून वाढून राह्यलं."

"डाक्टरले दाखव ना..."

"बाबा जाऊ देत नाही."

हे खरं होतं. टेंगूळ उगवलं त्या साली मळा फळला होता. म्हणून चंपतचा बाप रंगराव लावणीआधी टेंगळाला कुंकू लावी. शेजारीही नारळ घेऊन येऊ लागले होते.

टेंगूळ पेरूएवढं झालं, तेव्हा हौसा थेट मळ्यात जाऊन उभी राहिली.

"मामाजी, देव पाह्यजे का पोरगा?"

रंगरावानं विचार केला. जरा जास्तच वेळ केला. मग गाडी जुंपली. मामाजी सासऱ्याला म्हणतात, हे हौसाला घरी परतताना वाटेत आठवलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी टेंगळाचा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला. उत्तर आल्यावर ते म्हणाले, "मांसात उगवणारा कर्करोग. फार दुर्मीळ. मी तर पहिल्यांदाच पाहतोय."

चंपत अभिमानानं इकडेतिकडे पाहू लागला.

"हात कोपराच्या वर कापावा लागेल. नाहीतर माणूस जाईल."

अभिमान ओसरला. ऑपरेशनच्या सकाळी भेटायला आलेल्या हौसाकडे न बघताच त्यानं विचारलं, "हात गेल्यावर... तू काय धरशीन?"

"दुसरा."

लग्नात मंगळसूत्राचं एक टोक त्यानं ओढलं, दुसरं तिनं. नवरीनं स्वतःच बांधून घेतलं म्हणून बाया वर्षभर हसल्या.

पुन्हा कुठं टेंगूळ येतं का ते चाचपत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कधीपर्यंत, ते विचारायचं राहून गेलं. म्हणून केस पांढरे झाले तरी संध्याकाळी ओट्यावर बसून हौसा त्याचा अर्धा दंड, बगल, खांदा दाबून पाही.

"काय भाव लावला?" चंपत विचारी.

"विकाले नाही," ती म्हणे. "हे माहं हाय."