जगदेवच्या जीपची बॅटरी कोण पितं?

"रेटा रे, जोरात रेटा!" मुन्ना ओरडत होता, पण स्वतःचा हात मात्र जीपला नुसता टेकवून.

दिवाळीच्या सुट्टीतली ही रोजची सकाळ. रूपाली आणि मुन्नाच्या बाबांची, म्हणजे जगदेवची, जीप रात्रभर उभी राहिली की सकाळी मुकी. चावी फिरवली की नुसतं टक्. मग गल्लीनं ती चढावरून रस्त्यापर्यंत ढकलायची. मेकॅनिक पाहून गेला, नवी बॅटरी बसवली, तीही रातोरात उतरली.

याच जीपमधून रूपाली आणि गावातल्या मुली रिसोडच्या शाळेत जायच्या. एसटी पोहोचेपर्यंत तिथं दुसरा तास संपलेला असायचा.

"बस्स झालं," बाबा घाम पुसत म्हणाले. "परवा भंगारवाला येऊन राह्यला. देऊन टाकतो त्याले."

"अन् माही शाळा?"

"मामाकडं राह्यजो, अकोल्याले."

रूपालीला रडूच कोसळलं. मामा चांगला होता, पण तिला आपलं घर सोडायचं नव्हतं, आणि शेजारच्या यूसराला तर मुळीच नाही.

"रडून बॅटरी चार्ज होते काय?" यूसरा म्हणाली. ती रूपालीच्याच वर्गातली, डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. "आज संध्याकाळी बॅटरीची एक वायर सोडून ठेवू. सकाळी गाडी चालू झाली, तर बॅटरी चांगली हाये. मग कोणीतरी करंट खाऊन राह्यलं."

तसंच केलं. सकाळी रूपालीनं गुपचूप वायर जोडली आणि जीप पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली.

"आज लागली, उद्याचं काय?" बाबा म्हणाले. भंगारवाल्याचं काही त्यांनी रद्द केलं नाही.

त्या संध्याकाळी बाबा जीप लावून घरात गेले आणि तिघं कामाला लागली. यूसरानं बॅटरी आणि सोडलेल्या वायरच्या मध्ये मोटरसायकलचा जुना बल्ब जोडला. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे करंट कुठंतरी चाललाच होता.

"चावी तं बाबाच्या खिशात हाये," मुन्ना डोळे विस्फारून म्हणाला. "मंग भूत हाये काय?"

"भूत असतं तं तुले पाहून पळालं असतं," यूसरा म्हणाली. "बल्बवर नजर ठेव."

रूपाली डावीकडून आत वाकली आणि डॅशबोर्डखालचा एकेक फ्यूज काढून परत लावू लागली. हॉर्नचा काढला, बल्ब पेटलेलाच. पुढच्या दिव्यांचा काढला, तरी तसाच. मग एक फ्यूज निघाला आणि मुन्ना किंचाळला, "इझला, इझला!"

तो ब्रेकलाइटचा होता. रूपालीनं फ्यूज आणि वायर पुन्हा जागच्या जागी लावली आणि जीपच्या मागं धावली. मागं सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, भलामोठा ढीग. सगळा लालेलाल दिसत होता. घरातून ती बाजू दिसतच नसे.

मग तिनं चालकाच्या बाजूच्या काचेतून पाहिलं. ब्रेकच्या पेडलवर एक दांडकं दाबून बसवलेलं, दुसरं टोक सीटला टेकवलेलं.

"बाबा, लवकर या!"

बाबा आले आणि सवयीनं आधी दांडक्यालाच हात घातला. रूपालीनं तो हात धरला. "थांबा. आधी मागं चाला."

लाल कुटार पाहून बाबा खालीच बसले. "हँडब्रेक पकडत नाही. उतारावरून गाडी मागं बांधलेल्या वासरावर जाईन म्हणून दांडकं लावतो म्या. अन् दार उघडलं का पयले तेच काढतो."

"म्हणून मेकॅनिकले काही दिसलं नाही," यूसरा म्हणाली. "तुमी दांडकं काढलं का दिवा इझे."

मुन्नानं दोन मोठे दगड आणून चाकांमागं लावले. कोणी सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा जीप अंगणात घरघरत होती. बाबांनी त्याला चहा पाजला.

"गाडी विकायची नाही," ते म्हणाले. "हँडब्रेक नीट करायले नेऊन राह्यलो. शाळा उघडली का माह्या पोरीले अन् तिच्या मैत्रिणीले तिच्यातच जायचं हाये. डोकं पाहा पोरीयचं, मेकॅनिकले जमलं नाही ते यायनं शोधलं."

रूपालीनं यूसराचा हात घट्ट धरला. मागच्या सीटवर मुन्ना केव्हाचा चढून बसला होता.